विभक्त होणारे पालक : मुलांचा ताबा, पोटगी आणि कायदा

पती-पत्नी विभक्त होतात तेव्हा आपल्या समाजात पहिली चर्चा होते ती विवाह शून्यवत ठरेल की नाही याची. धर्मप्रांताच्या विवाह न्यायमंडळाकडे अर्ज जातो, साक्षी नोंदविल्या जातात आणि निर्णय हाती पडला म्हणजे सारे मिटले, असे अनेक कुटुंबांना वाटते. मुले कोणाकडे राहणार, त्यांच्या शिक्षणाचा खर्च कोण उचलणार, हे प्रश्न मात्र अधांतरी राहतात. यास्तव या विषयातील देशाचा कायदा आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

विवाह न्यायमंडळ विवाहबंधन वैध होते की नव्हते एवढेच ठरविते. मुलांचा ताबा देण्याचा किंवा पोटगी वसूल करून देण्याचा अधिकार त्यास नाही. त्याच्या निर्णयाने देशाच्या कायद्यानुसार झालेला विवाह संपुष्टात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले आणि २०१७ साली तीच भूमिका पुन्हा घेतली. केवळ न्यायमंडळाच्या निर्णयावर विसंबून दुसरा विवाह करणारी व्यक्ती द्विभार्या वा द्विपती विवाहाच्या गुन्ह्यास पात्र ठरू शकते. आणखी एक भीती अनेक मातांना छळते : विवाह शून्यवत ठरला तर मुले अनौरस ठरतील काय? तसे मुळीच नाही. दोघांपैकी एकाने जरी तो विवाह सद्‌भावनेने केला असेल, तरी त्यातून झालेली मुले औरसच होत, असे कॅनन कायद्याचा नियम ११३७ सांगतो.

न्यायालयात जाणे हे पाप, अशी समजूत बाळगून वर्षानुवर्षे हालअपेष्टा सोसणाऱ्या भगिनी आजही आहेत. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या परिच्छेद २३८३ मध्ये म्हटले आहे की, काही कायदेशीर हक्क, मुलांचे संगोपन किंवा वारसाहक्क यांचे रक्षण करण्याचा दिवाणी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो सहन केला जाऊ शकतो व तो नैतिक अपराध ठरत नाही. विवाहसंस्काराचे बंधन त्याने तुटत नाही, हे खरेच. परंतु घटस्फोटानंतर पुन्हा विवाह न केलेल्या व्यक्तीस केवळ घटस्फोटामुळे पवित्र कम्युनियन नाकारले जाते, हा समज निराधार आहे. ‘समेट होईल, थांबा’ असा सल्ला देणाऱ्या आप्तांनी त्या घरात या महिन्याचे दूध-धान्य कोठून येते याचीही विचारपूस करावी, असे आम्हांस वाटते.

भारतातील ख्रिस्ती विवाहांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. पूर्वी पतीस केवळ व्यभिचार सिद्ध करावा लागे, पत्नीस मात्र बहुधा त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग यांसारखा आणखी एक दोष सिद्ध करावा लागे. २००१ च्या दुरुस्तीने हा भेद दूर झाला आणि क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग ही स्वतंत्र कारणे दोघांनाही उपलब्ध झाली. त्याच वेळी परस्पर संमतीचे कलम १०-अ आले. त्याच्या मजकुरात दोन वर्षे विभक्त राहण्याची अट आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ती एका वर्षावर आणली. सर्वत्र एकच स्थिती नसल्याने याबाबत वकिलांचा सल्ला घ्यावा.

मुलांच्या ताब्याबाबत याच कायद्याची कलमे ४१ ते ४४ आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा लागू होतो. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे, हे सर्वांच्या तोंडी असलेले वचन हिंदू कायद्यातील आहे. ख्रिस्ती मुलांसाठी तसे लिखित कलम नाही, तथापि लहान मुलाला आईची गरज न्यायालये विचारात घेतातच. खरी कसोटी मुलाच्या हिताची. कलम १७ नुसार मुलाचे वय, लिंग व धर्म आणि पालकाचे चारित्र्य व क्षमता पाहिली जाते. मूल जाणते असेल तर त्याची इच्छाही विचारली जाते. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलल्यास तो बदलून मागता येतो. ज्याच्याकडे ताबा नाही त्यास भेटीचा हक्क मिळतो. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये आणि भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवू नये. दोन्ही बाबतींत न्यायालयाकडेच दाद मागावी.

पोटगीसाठी घटस्फोटाचा दावा लागतोच असे नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होणारा अर्ज १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. पत्नी आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणारी मुले, औरस असोत वा नसोत, त्यास पात्र आहेत. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर मुलांच्या निर्वाहाचा व शिक्षणाचा अंतरिम अर्ज, प्रतिपक्षास नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे घटस्फोट कायदा सांगतो. प्रत्यक्षात विलंब होतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२० चा निर्णय महत्त्वाचा आहे. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व कर्जे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असे त्यात ठरले. पती जहाजावर किंवा आखातात नोकरीस असेल तर त्याची मिळकत पत्नीस ठाऊक नसते. अशा वेळी हे प्रतिज्ञापत्र फार उपयोगी पडते. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा, अन्यथा कलम १४४ खालील वॉरंट निघत नाही. ही मुदत अनेकांच्या हातून निसटते. परस्पर संमतीच्या अटी लिहिताना आईने स्वतःची पोटगी सोडली, तरी मुलांचा हक्क त्यामुळे बुडत नाही.

अर्ज कौटुंबिक न्यायालयात, आणि ते नसेल तेथे ताब्यासाठी जिल्हा न्यायालयात व पोटगीसाठी दंडाधिकाऱ्यांकडे करावा. विधि सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधि सेवा समितीकडे जावे. सोबत विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या व औषधोपचाराची बिले न्यावीत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालू असल्याने तेथे विवाह नोंदविलेल्यांनी तेथील वकिलांनाच विचारावे.