वाहत्या बर्फाचा माग 🧵

१८८१. सायबेरियाच्या उत्तरेस ‘जेनेट’ हे अमेरिकन जहाज बर्फाने चिरडले. ३३ पैकी १३ जणच बचावले. कप्तान डी लाँगही गेला. तीन वर्षांनी जहाजाच्या काही वस्तू थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळ सापडल्या. त्यांत कप्तानाच्या सहीची शिधायादी होती! (आम्हा दप्तरवेड्यांना याहून गोड पुरावा कोणता?)

म्हणजे ध्रुवीय बर्फ वाहतो. हे पडताळण्यासाठी नान्सेनने १८९३ मध्ये ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतले. सुटका झाली १८९६ मध्ये.

१९७८ चा ‘सीसॅट’ उपग्रह जेमतेम साडेतीन महिने चालला. पण त्याच्या रडारला ढग वा ध्रुवीय रात्र आड येत नव्हती. तीन दिवसांच्या अंतराने टिपलेल्या दोन प्रतिमांत तोच हिमखंड, तीच भेग ओळखायची. सरकलेले अंतर काळाने भागले की वेग हाती. माणूस पणाला लावण्याची गरज उरली नाही.

कोल्हापुरात बर्फ कुठला? पण या रीतीचे भावंड येथे आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार १९९९ पासून सुमारे ८० ते ९८ किलोमीटर उंचीवरचे वारे मोजू लागले. आकाशातून परतलेल्या लहरींची नक्षी जमिनीवरून सरकते. दूरदूर उभ्या अँटेनांपैकी कोणतीला ती आधी भेटली, कोणतीला क्षणभर उशिरा, यावरून वाऱ्याची दिशा आणि वेग कळतो.