अंडाशयाची वेळ : नागपूरची वटवाघळे आणि गडचिरोलीचे रान

स्त्रीबीज कोणत्या ऋतूत पक्व होते, हा प्रश्न विदर्भातील प्राणिशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्यास मोठ्या चिकाटीने हाताळला. ते कोणत्या प्रहरी बाहेर पडते, हा प्रश्न त्याच सुमारास अमेरिकेत, पिंजऱ्यातील उंदरांच्या बाबतीत विचारला गेला. या दोन प्रश्नांची गाठ फार उशिरा पडली. त्या विलंबाची कारणे पाहण्याचा येथे विचार आहे.

नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातील प्रा. एम. ए. मोघे यांनी १९५१ साली मोठ्या फलाहारी वटवाघळाच्या गर्भविकासाचे व वारेचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रा. ए. गोपालकृष्ण यांचे वटवाघळांच्या प्रजननावरील लेख १९४७ पासून येत होते. १९५५ साली त्यांनी टॅफोझोअस लाँजिमॅनस या कीटकभक्षी जातीचे अंडाशय-चक्र मांडले. बहुतेक वटवाघळे ठरावीक ऋतूत वितात. ही जात मात्र वर्षभर वीत राहते. पावसाळा वा थंडी यांचे बंधन तिला नसेल, तर तिचे अंडाशय काळ कशावरून ओळखते, अशी शंका येथे सहज यावी. ती त्या काळी आली नाही, याचे कारण अभ्यासाच्या पद्धतीत असावे असे मला वाटते. महिन्यामागून महिने मादया पकडावयाच्या, अंडाशये काढून त्यांचे पातळ छेद घ्यावयाचे, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे, हा तो क्रम. एका मादीचे अंडाशय एकदाच दिसते. अशा नोंदवहीत महिना अपरिहार्य असतो. तासाला तेथे फारसे काम नसते.

उंदरांचे तसे नव्हते. त्यांचे चक्र चार-पाच दिवसांचे, आणि दिव्यांची वेळ संशोधकाच्या हाती. एव्हरेट आणि सॉयर यांनी १९५० साली दाखविले, की बीजमोचनाच्या आदल्या दुपारी, दोन वाजण्याच्या सुमारास, बार्बिट्युरेट वर्गातील गुंगीचे औषध दिले तर त्या रात्री बीजमोचन होत नाही. ते काही तासांनी लांबत नाही. नेमके चोवीस तासांनी लांबते. दुसऱ्या दिवशी पुन्हा औषध दिले तर आणखी एक दिवस जातो. म्हणजे पीयूषिका ग्रंथीला इशारा देणारे यंत्र दिवसातून एकदाच दार उघडते. या प्रयोगाचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच.

पुढे अर्धशतक हे घड्याळ मेंदूतच आहे, अंडाशय केवळ आज्ञाधारक आहे, असे धरून चालण्यात आले. १९९७ साली सस्तन प्राण्यांतील अहोरात्र-लयीची जनुके हाती येऊ लागली व ती शरीरभर सापडू लागली. २००६ साली उंदराच्या अंडाशयातही त्यांची लय आढळली, आणि पीयूषिकेतून येणारे पीतपिंडकारी संप्रेरक ती लय बदलते असे दिसले. २००९ साली योशिकावा, सेलिक्स व मेनाकर यांनी शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या अंडाशयाची लय याच संप्रेरकाने, तसेच पुटकवर्धक संप्रेरकानेही, पुढेमागे सरकते असे सिद्ध केले. संप्रेरक केवळ बीज सोडवीत नाही, तर घड्याळही लावते! त्यांचाच २०१० सालचा प्रयोग याहून मार्मिक आहे. उंदरांचे स्वतःचे संप्रेरक दाबून टाकून बाहेरून ते वेगवेगळ्या वेळी टोचले, तेव्हा रात्री टोचलेल्यांत बीजमोचन पुष्कळ, दिवसा टोचलेल्यांत थोडे. आज्ञा तीच, ऐकणाऱ्याची वेळ निराळी.

भारतात वटवाघळांच्या घड्याळाचा अभ्यास झाला तो मदुराईस. चंद्रशेखरन, मारिमुथु प्रभृतींनी १९८१ साली दाखविले, की काळोख्या गुहेत कोंडलेले वटवाघूळ भोवतालच्या मुक्त थव्याच्या ये-जा करण्यावरून आपली वेळ जुळवून घेते. पण तो अभ्यास उड्डाणाचा होता, अंडाशयाचा नव्हे.

चंद्रपूर-गडचिरोलीचा संबंध येथे येतो. मार्च-एप्रिलात मोहाच्या झाडावर रात्री फलाहारी वटवाघळे येतात. त्यांपैकी सायनोप्टेरस स्फिंक्स ही जात वर्षातून दोनदा विते. पहाटे गळालेली फुले वेचण्यासाठी अंधारातच टोपल्या घेऊन स्त्रिया येतात. स्त्रियांमध्येही या संप्रेरकाची लाट बहुधा मध्यरात्र ते सकाळ या वेळातच सुरू होते. याच जिल्ह्यातील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी केलेली पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. जेथे रोगाचीच विचारपूस झालेली नव्हती, तेथे प्रहराची कोण करणार? माडिया स्त्री पाळीचे दिवस गावाबाहेरच्या कुर्माघरात काढते, त्यामुळे शहरात जे खाजगी असते ते चक्र येथे गावाला ठाऊक असते. ही प्रथा स्त्रीच्या प्रकृतीस किती घातक आहे, हा वाद वेगळा व गंभीर आहे.

वटवाघळांपुरते बोलावयाचे तर आता मादी मारण्याची आवश्यकता उरलेली नाही. विष्ठेतील संप्रेरकांचे अवशेष मोजता येतात, आणि ती मोहाखाली रोज पडते. नमुन्याच्या चिठ्ठीवर तारखेशेजारी तास लिहिला, म्हणजे पुरे.