माळ आणि वेग

कळवणहून गिरणेच्या काठाने पूर्वेकडे निघाले की देवळा ओलांडून मालेगाव तालुका लागतो. त्या तालुक्यातले रावळगाव महाराष्ट्रातल्या मुलांना गोळ्यांमुळे ठाऊक झाले. मला मात्र गोळीपेक्षा तिच्या आधीच्या वीस वर्षांचे अप्रूप अधिक वाटते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२३ मध्ये तेथे सुमारे दीड हजार एकर ओसाड जमीन घेतली. शेतीतज्ज्ञ, रसायनज्ञ आणि इंजिनिअर आणून ती लागवडीखाली आणली. साखर कारखाना उभा राहिला १९३३ मध्ये आणि गोळ्या निघू लागल्या १९४२ मध्ये. आधी माती, मग ऊस, मग साखर, आणि सर्वांत शेवटी गोळी!

यावरून हा गृहस्थ संथ होता असे कोणी समजू नये. ब्रिटिश कंपन्यांनी व्यापलेल्या समुद्रात याच वालचंदांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांची बोट घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघालीसुद्धा. तेथे थांबणे म्हणजे हरणेच होते.

आमच्या काळात कंपनी काढण्याचे शास्त्र अमेरिकेच्या पॉल ग्रॅहम यांच्या निबंधांतून तरुण शिकतात. त्यांनी १९९५ मध्ये काढलेली ‘व्हायावेब’ १९९८ मध्ये याहूने घेतली. २०१२ च्या निबंधात ते म्हणतात की, ‘स्टार्टअप’चे लक्षण वेगाने वाढणे हेच; आठवड्याला पाच ते सात टक्के वाढ चांगली. २०१३ मध्ये तेच सांगतात की, आरंभीचे गिऱ्हाईक संस्थापकाने एकेक करून स्वतः गाठावे. यांतला दुसरा उपदेश मला कोठल्याही धंद्याला लागू वाटतो. पहिल्याविषयी मात्र माझा मतभेद आहे. संगणकावरील वस्तूची हजारावी प्रत जवळजवळ फुकट पडते. उसाची दुसरी कांडी मात्र जमीन, पाणी आणि वर्षभराचा अवधी मागते.

हा वाद आमच्या तालुक्यापुरता तरी पुस्तकी नाही. कांद्यावर प्रक्रिया करू पाहणाऱ्या येथल्या मुलाने परक्या वेगाने कर्ज काढले, तर बुडते ते बापाचे शेत. चाळीतल्या कांद्याला आठवड्याचे टक्के कळत नाहीत.

२०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांची नाममुद्रा रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटींना घेतली. नाव एका व्यवहारात हस्तांतरित होते. ते कमवायला आधी माळ नांगरावा लागतो. बोटीची घाई आणि माळाचा धीर, दोन्ही वालचंदांपाशी होते. कोठे कोणते वापरावे हे ओळखणे, हेच मला त्यांचे खरे भांडवल वाटते.