१९८२ : पडद्यावर रंग आले, मराठी सायंकाळ आखडली

१/
प्रभादेवी दोन जगांच्या मधोमध वसलेली आहे. एका अंगाला परळ-लालबागपर्यंत पसरलेले गिरणगाव, दुसऱ्या अंगाला वरळीचा दूरदर्शनचा मनोरा. १९८२ साली या दोन्ही जगांत इतिहास घडला. एकीकडे गिरण्यांचे भोंगे थांबले, दुसरीकडे छोट्या पडद्यावर रंग आले. हा धागा मुख्यतः दुसऱ्या घटनेचा आहे. परंतु पहिलीच्या संदर्भाशिवाय ती पुरती उमगत नाही.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. त्यानंतर तब्बल तेरा वर्षे हे माध्यम राजधानीपुरतेच राहिले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि देशातील दुसऱ्या शहराच्या घरांत चित्र पोहोचले. पुढील वर्षी पुण्यालाही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले.

३/
पहिल्या दहा वर्षांत या केंद्राने एक मराठी सायंकाळ घडवली. ‘आमची माती आमची माणसं’मध्ये शेती होती, ‘किलबिल’मध्ये मुले होती, ‘ज्ञानदीप’मध्ये लोकशिक्षण होते, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये साहित्य आणि कला होत्या, ‘गजरा’मध्ये विनोदी प्रवेश होते. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिकेमुळे दिलीप प्रभावळकर हे चिमणराव म्हणून आणि बाळ कर्वे हे गुंड्याभाऊ म्हणून घरोघरी ओळखले जाऊ लागले.

४/
बातम्यांचेही तसेच. स्मिता पाटील चित्रपटांत नावारूपाला येण्यापूर्वी याच केंद्रावर मराठी बातम्या देत असत. भक्ती बर्वे आणि प्रदीप भिडे हे चेहरे आणि आवाज प्रेक्षकांच्या सवयीचे झाले. छापील मराठी आणि बोलीतली मराठी यांच्या मधली, स्वच्छ उच्चारांची एक प्रमाण मराठी रोज सायंकाळी ऐकू येऊ लागली. भाषेच्या इतिहासात या गोष्टीचे मोल कमी नाही.

५/
मात्र एक गैरसमज टाळायला हवा. मुंबई केंद्र कधीही केवळ मराठी नव्हते. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हिंदीत होता, चित्रपटगीतांचे ‘छायागीत’ हिंदीत होते, आणि रविवारच्या हिंदी चित्रपटासाठी चाळीतल्या एकाच संचासमोर सारा मजला जमत असे. गुजराती कार्यक्रमही होते. तरीही केंद्राचा दिवस मुंबईतच आखला जात होता. १९८२ चा बदल समजून घेताना हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो.

६/
केंद्राची मालकी कोणाची, हा प्रश्न मात्र कधीच संदिग्ध नव्हता. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, पण सरकारपासून नव्हे. आणीबाणीत या माध्यमांचा जो वापर झाला, त्यानंतर नेमलेल्या वर्गीस समितीने १९७८ साली स्वायत्त न्यासाची (ट्रस्टची) शिफारस केली. ती त्या काळात प्रत्यक्षात आली नाही. १९८२ उजाडले तेव्हा दूरदर्शन हे केंद्र सरकारचे एक खातेच होते.

७/
आता गिरणगावाकडे वळू. १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या प्रश्नावरून असंतोष पेटला. त्यात प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार आघाडीवर होते. मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघावरचा त्यांचा विश्वास उडाला होता आणि त्यांनी डॉ. दत्ता सामंत यांना नेतृत्वासाठी गळ घातली. १८ जानेवारी १९८२ रोजी सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले.

८/
मागण्या केवळ वेतनाच्या नव्हत्या. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक दर्जा मिळत असे. कामगारांनी दुसरा नेता निवडला तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार जुन्याच संघटनेकडे राहिला. ‘आमच्या वतीने कोण बोलणार?’ हा संपाचा एक गाभ्याचा प्रश्न होता. त्या वर्षी तो पडद्यालाही तितकाच लागू पडला.

९/
संप लांबत गेला तशी खोल्यांतील चूल मंदावली. अनेक कुटुंबांनी कोकणातील आणि घाटावरील गावांची वाट धरली. त्या गावांपैकी बहुतेकांत दूरदर्शनचे चित्र अजून पोहोचलेच नव्हते. मुंबई-पुण्याचा परिसर सोडला, तर महाराष्ट्राच्या मोठ्या भागात १९८२ साली संच असून उपयोग नव्हता. ‘राष्ट्र पडद्यावर एकत्र आले’ असे म्हणताना हा भूगोल विसरता येत नाही.

१०/
दिल्लीत याच महिन्यांत वेगळीच घाई चालली होती. नोव्हेंबरात आशियाई क्रीडास्पर्धा भरणार होत्या आणि त्या जगाला रंगीत दाखवायच्या होत्या. माहिती व नभोवाणी मंत्री होते वर्ध्याचे खासदार वसंत साठे. रंगीत प्रसारणाचे ते आग्रही पुरस्कर्ते होते. गरीब देशाला ही चैन परवडते का, असा प्रश्न विरोधक विचारत. निर्णय अखेर साठ्यांच्या बाजूने झाला.

११/
निर्णयाला तांत्रिक आधार होता उपग्रहाचा. १० एप्रिल १९८२ रोजी इन्सॅट-१ए अवकाशात गेला. तोवर मुंबई, दिल्ली, मद्रास, कलकत्ता ही केंद्रे बरीचशी आपापल्या क्षेत्रांत काम करत. उपग्रहाद्वारे एकच चित्र एकाच क्षणी सर्व केंद्रांकडे पाठवणे सुलभ होणार होते. शहरांचे दूरदर्शन देशाचे दूरदर्शन होण्याची सोय त्यातून झाली.

१२/
१५ ऑगस्ट १९८२. त्या दिवशी दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या, आणि लोकस्मृतीत त्या एकमेकींत मिसळून गेल्या. एक, रंगीत प्रसारण. दुसरी, दिल्लीहून सर्व केंद्रांवर दाखवला जाणारा ‘राष्ट्रीय कार्यक्रम’. पहिलीची आठवण आजही निघते, दुसरीची क्वचितच. परिणाम मात्र दुसरीचा अधिक खोल झाला.

१३/
रंगांचे काय झाले, ते पाहू. भारताने पाल ही पद्धत स्वीकारली होती. तिचा गुण असा की, रंगीत प्रसारण जुन्या संचावरही दिसते, फक्त काळ्या-पांढऱ्या छटांत. रंगीत संच महाग होते आणि मोजक्याच घरांत होते. त्यामुळे बहुसंख्य प्रेक्षकांसाठी १५ ऑगस्टचा लाल किल्ला करडाच राहिला. बदल घडला होता, पण तो पाहण्यासाठी नवा संच घ्यावा लागणार होता. बिनपगारी सातवा महिना चालू असलेल्या घरात तो प्रश्नच उद्भवत नव्हता.

१४/
राष्ट्रीय कार्यक्रम मात्र प्रत्येक संचावर आला, जुन्या आणि नव्या. रात्रीच्या मुख्य वेळेतील सुमारे दीड तास आता दिल्लीचा झाला. बातम्या हिंदी आणि इंग्रजी, कार्यक्रमांची निवड दिल्लीची. मराठी बंद झाली नाही; ती आधीच्या वेळेत सरकली. कारखान्यातून, कचेरीतून माणूस घरी येऊन हातपाय धुऊन जेवायला बसेपर्यंत मराठीचा भाग आटोपत आलेला असे.

१५/
मुंबईत याविरुद्ध मोठा लढा का उभा राहिला नसावा? एक कारण मघाशी आलेच आहे. हिंदी चित्रपट आणि ‘छायागीत’ यांमुळे प्रेक्षकाला पडद्यावरची हिंदी परकी वाटत नव्हती. सवयीचीच गोष्ट थोडी वाढली, असे वाटावे अशी ही रचना होती. दुसरे कारण असे की, भाषेसाठी आणि राज्यासाठी पूर्वी रस्त्यावर उतरलेले गिरणगाव त्या वर्षी पोटाच्या लढाईत गुंतले होते.

१६/
रस्त्यावर मात्र शांतता नव्हती. १८ ऑगस्टला, म्हणजे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, मुंबईच्या पोलिसांनीच बंड पुकारले. नायगावसारख्या पोलीस वसाहती गिरणगावाला लागूनच होत्या. संपकरी कामगारही रस्त्यावर आले. लष्कर बोलवावे लागले. मुंबईतून जाणारे चित्र आणि मुंबईकडे येणारे चित्र, दोन्हींवर सरकारचाच हात होता, हे अशा वेळी अधिक ठळक होते.

१७/
६ सप्टेंबरला इन्सॅट-१ए निकामी झाला. तोवर मंत्रीही बदलले होते. तरीही राष्ट्रीय कार्यक्रम थांबला नाही. पर्यायी दुव्यांवर तो चालूच राहिला. यावरून एक गोष्ट कळते : केंद्रीकरणाला उपग्रहाने वाट करून दिली, परंतु त्याचे मूळ उपग्रहात नव्हते. यंत्र बंद पडले तरी धोरण टिकले.

१८/
१९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर एशियाड झाले. उद्घाटनाचा सोहळा, अप्पू हत्ती, पी. टी. उषा यांची दोन रौप्यपदके, आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून ७-१ असा पराभव. वेगवेगळ्या शहरांतील प्रेक्षकांनी एकाच क्षणी आनंद आणि दुःख अनुभवले. ही सामायिक अनुभूती खरी होती. तिला केवळ प्रचार म्हणून बाजूला सारणे अन्याय ठरेल.

१९/
त्याच नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये काय घडत होते? १ नोव्हेंबर १९८२ रोजी वेल्समध्ये एस-फोर-सी ही वाहिनी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी उर्वरित ब्रिटनसाठी चॅनल फोर. वेल्श कार्यक्रम पूर्वीही होते, पण इंग्रजी वाहिन्यांत विखुरलेले. थॅचर सरकार स्वतंत्र वाहिनीचे आश्वासन मोडू पाहत होते. १९८० साली ग्विन्फोर एव्हान्स या नेत्याने आमरण उपोषणाचा इशारा दिला आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

२०/
ही तुलना जपून करावी लागते. वेल्श भाषकांची संख्या काही लाख, मराठीची काही कोटी. वेल्शला अस्तित्वाचे भय होते, मराठीला नव्हते. तरीही एक विरोधाभास उरतोच. एकाच वर्षी एका देशाने आपल्या छोट्या भाषेला मुख्य वेळ दिली आणि दुसऱ्याने आपल्या मोठ्या भाषांकडून ती काढून घेतली. भाषेला पडद्यावर मिळणारी जागा तिच्या भाषकसंख्येवर ठरत नाही, वेळापत्रक कोणाच्या हाती आहे यावर ठरते.

२१/
मग १९८२ मध्ये बदलले काय आणि टिकले काय? बदलले ते रंग, तंत्र आणि रात्रीची मुख्य वेळ. टिकली ती सरकारी मालकी आणि दिल्लीचा शब्द अखेरचा मानण्याची रीत. आणि टिकली मराठी सायंकाळही, आखडलेल्या अंगाने. बातम्या चालू राहिल्या, ‘गजरा’ चालू राहिला, ‘आमची माती आमची माणसं’ चालू राहिले. केंद्रातील निर्मात्यांनी उरलेल्या वेळेत काम करत राहणे, हेही त्या वर्षाच्या इतिहासात नोंदवायला हवे.

२२/
सरकारलाही प्रश्न जाणवत होता. डिसेंबर १९८२ मध्ये दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करण्यासाठी पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. त्याने दिल्लीकेंद्री दृष्टीवर टीका केली आणि विकेंद्रित कार्यक्रमांचा आग्रह धरला. पण ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली, प्रायोजित हिंदी मालिकांचे युग आले आणि रात्रीची वेळ आता जाहिरातदारांनाही मोलाची झाली. ती परत मिळणे अधिकच अवघड होऊन बसले.

२३/
मराठीला उपग्रहावर स्वतःची वाहिनी मिळाली ती १५ ऑगस्ट १९९४ रोजी, डीडी-१० या नावाने. राष्ट्रीय कार्यक्रमाला त्या दिवशी बरोबर बारा वर्षे झाली होती. २००० साली तिचे नाव ‘सह्याद्री’ झाले. तोवर खासगी वाहिन्या आल्या होत्या आणि प्रेक्षक विखुरला होता. मराठीला रात्र परत मिळाली, पण सारा मजला एका संचासमोर बसण्याचे दिवस सरले होते.

२४/
गिरणी संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो कसा जगला गेला हे जाणण्यासाठी आज अभ्यासक मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या कामगारांच्या मुलाखतींकडे वळतात, आणि त्या पराभवाची घरातली धग जाणण्यासाठी वाचक-प्रेक्षक जयंत पवारांच्या ‘अधांतर’कडे. म्हणजे पुस्तकाकडे आणि रंगभूमीकडे. गिरणगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर देशातील दुसरे दूरदर्शन केंद्र उभे होते. कॅमेरे तिथे होते, मराठी बोलणारी माणसे तिथे होती. कशावर कॅमेरा रोखायचा आणि कोणत्या वेळी ते दाखवायचे, हे ठरवण्याचा अधिकार तेवढा तिथे नव्हता.