लाहोंटन कटथ्रोट ट्राउट : पुनःस्थापना
अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील पिरॅमिड सरोवर व त्याला मिळणारी ट्रकी नदी यांतील मूळचा मासा. जबड्याखाली दोन्ही बाजूंना, गळा चिरल्यासारखी तांबडी रेघ असते. नाव त्यावरूनच पडले. सरोवराकाठच्या पायूट लोकांचे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. १९२५ मध्ये येथे पकडलेल्या एका माशाचे वजन ४१ पौंड भरले होते.

१९०५ मध्ये डर्बी धरण बांधून नदीचे पाणी शेतीकडे वळवले. सरोवराची पातळी घसरली, अंडी घालण्यासाठी वर चढणाऱ्या माशांची वाट बंद झाली आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरोवरातला वंश संपला. मात्र यूटाच्या सीमेवरील पायलट पीक डोंगरात, एका अरुंद ओढ्यात, पूर्वी कोणीतरी नेऊन सोडलेले मासे तग धरून होते. १९७० च्या दशकात ते सापडले. संग्रहालयातील जुन्या नमुन्यांच्या डीएनएशी ताडून पाहिल्यावर त्यांचे मूळ पटले. एवढासा ओढा नसता, तर हा वंश कायमचा गेला असता.

गार्डनरव्हिल येथील मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली त्यांची पिल्ले २००६ पासून सरोवरात सोडली जाऊ लागली. २०१४ मध्ये, तब्बल ७६ वर्षांनी, मासे पुन्हा नदीत अंडी घालताना आढळले. सरोवरात मासे वाढवणे त्या मानाने सोपे. नदी मोकळी करणे अवघड. पिल्ले कालव्यात वाहून जाऊ नयेत म्हणून डर्बी धरणावर जाळी बसली ती २०२० मध्ये.