भुशाचं कपाट

गेल्या पावसाळ्यात आमच्या सिंकखालच्या कपाटाची फळी पुरीसारखी टम्म फुगली. पार्टिकल बोर्ड! सुतारकाका म्हणाले, "साहेब, हा नुसता भुसा आहे." म्हटलं, भुशाची मुळात फळी झालीच कशी?

तर मंडळी, गोष्ट जर्मनीतली. झाडाचा कितीतरी भाग ढलप्या-भुसा होऊन वाया जातो, हे माक्स हिमेलहेबर या इंजिनिअरला खटकलं. १९३०च्या दशकात त्याने तोच कचरा दाबून फळी बनवली. दुसऱ्या महायुद्धात चांगल्या लाकडाची टंचाई झाली आणि ब्रेमेनच्या कारखान्यात हा माल निघू लागला. चिकटवायला होतं फिनॉलिक रेझिन, पाण्याला सहसा दाद न देणारं.

पुढे घरगुती फर्निचरसाठी स्वस्तातलं युरिया-फॉर्मल्डिहाइड आलं. कोरड्या खोलीत ते झकास, पण सतत ओल लागली की पकड सुटते. १९६०च्या दशकात अमेरिकेत कारखान्यातून निघू लागलेल्या एमडीएफमध्ये ढलप्यांऐवजी बारीक तंतू असतात, त्यामुळे कडा गुळगुळीत. गोंद मात्र बहुधा तोच. आपल्याकडच्या आयएस ७१० मरीन प्लायमध्ये आजही फिनॉलचाच गोंद लागतो.

म्हणजे आपण भाव करतो लाकडाचा, आणि कपाट टिकतं गोंदावर!

असो. सिंकखाली आता मरीन प्लाय आहे. पुस्तकांचं कपाट मात्र भुशाचंच ठेवलंय. कोरड्या भिंतीला आहे बिचारं.