देवास गेटवरची गाणी

बुधवार, ३ डिसेंबर १९५२. आठ वाजायला आलेत आणि उज्जैनच्या देवास गेटवर तुम्ही चहाच्या दुकानात हात शेकत बसला आहात. स्टेशनकडून टांगे येतायत. फळीवरच्या रेडिओचा काटा दुकानदार केसाएवढा सरकवतो. शिट्टी, खरखर, पुन्हा शिट्टी, आणि मग एकदम रेडिओ सिलोन! अमीन सयानींचा आवाज. सिनेमाच्या गाण्यांची 'बिनाका गीतमाला' आज पहिल्यांदाच लागतेय.

शेजारी एक मराठी मास्तर बशीत चहा ओततायत. शिंदेशाहीत पणजोबा इथे आले, तेव्हापासून घर इथलंच. "मास्तर, आपल्या गाण्यांसाठी सिलोन कशाला लावायचं?" असं त्यांना विचारा. ते पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचं नाव सांगतील. केसकर यंदाच माहिती व नभोवाणी मंत्री झालेत. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात, असं त्यांचं ठाम मत; म्हणून आकाशवाणीवर ती ऐकायला मिळत नाहीत.

केसकरांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. अभिजात संगीत घराघरांत पोचावं म्हणून त्यांनी पुष्कळ केलं. पण याच रस्त्याने पस्तीसेक किलोमीटरवर, देवासला, गायक कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यातून उठतायत. खाटेवर पडल्या पडल्या ते ऐकत राहिले: बायकांची मालवी गाणी, दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजनं. कुठलं गाणं थोर आणि कुठलं हलकं, हे ठरवायची त्यांना घाई नव्हती. मला या दोघांत कुमारांचा कान हवासा वाटतो.

आठ वर्षं पुढे या. १९६०. विविध भारती सुरू होऊन तीन वर्षं झालीत, आकाशवाणी आता सिनेमाची गाणी लावते. 'कोहिनूर'मधलं, मधुबनात नाचणाऱ्या राधेचं गाणं लागलंय. शब्द शकील बदायुनींचे, हमीरातली चाल नौशादांची, गळा रफींचा. तान वर चढते तसा टांगेवाला लगाम ओढून धरतो. गिऱ्हाईक मागून ओरडतंय, पण तो हलत नाही. हरसिद्धीच्या दर्शनाला निघालेले मास्तरही पायरीवर थबकतात. राधा कुणी लिहिली, कुणी गायली, हा प्रश्न या दुकानात कुणाला पडत नाही.

आता थेट २६ डिसेंबर २०२१. टांगे गेले, बसच्या दारात लोंबकळून कंडक्टर "देवास, देवास, देवास!" असा पुकारा करतोय. तुमच्या पोह्यांवर शेव पडतेय आणि बाकावरच्या पोराच्या मोबाइलवर बातमी चालू आहे. त्याच राधेचं नाव घेणाऱ्या नव्या गाण्यावर सनी लिओनी नाचली. मथुरेच्या पुजाऱ्यांनी बंदी मागितली. मध्य प्रदेशचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी गाणं करणाऱ्यांना माफी मागून ते मागे घ्यायला तीन दिवसांची मुदत दिली. सारेगामा कंपनीने त्याच दिवशी नाव आणि शब्द बदलायचं कबूल केलं.

राधेची रोज पूजा करणाऱ्या बाईला तो नाच बघून वाईट वाटलं, तर तिचं दुःख खरं आहे. तिने ते मोठ्याने बोलावंही. पण पोलीसखातं ज्याच्या हाताखाली आहे त्याने मुदत घातली, की ऐकणं-बोलणं तिथेच संपतं.

आणखी एक वर्ष. डिसेंबर २०२२. 'पठाण'मधलं 'बेशरम रंग' १२ तारखेला आलं. दोनच दिवसांत मिश्रांनी त्यातल्या भगव्या कपड्यांवर हरकत घेतली. मध्य प्रदेश उलेमा बोर्डानेही सिनेमाला विरोध केला. दोन्हीकडची माणसं एका बाजूला आलेली बघताय ना? बाकावरच्या गर्दीत चाल, ठेका, शिल्पा रावचा आवाज यांबद्दल चकार शब्द नाही. चर्चा कापडाची.

'पठाण'ने पुढे जगभरात हजार कोटींहून अधिक कमावले. सारेगामाचं गाणंही नवं नाव घेऊन चालू राहिलं. किंमत मोजली ती इथल्याच दोन बायकांनी. त्या महाकाल मंदिरात सुरक्षारक्षक होत्या. सिनेमाच्या गाण्यांवर नाचतानाचा त्यांचा व्हिडिओ त्याच डिसेंबरच्या सुरुवातीला पसरला आणि त्यांना कामावरून काढलं. २० तारखेपासून मंदिरात मोबाइलही बंद झाले. देवळात ड्यूटीवर नाचू नये, हे मला मान्य आहे. समज देऊन भागलं असतं.